हिमस्तराखालील ज्वालामुखी

हिमस्तराच्या किंवा जाड हिमनदीच्या तळाशी होणारा उद्रेक व त्यातून घडणाऱ्या प्रक्रिया. आइसलँड, अंटार्क्टिका व कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया ही मुख्य क्षेत्रे.

एक घनमीटर बेसाल्टी शिलारस दहाएक घनमीटर बर्फ वितळवू शकतो. पाण्याला बर्फापेक्षा कमी जागा लागते, त्यामुळे वरचा पृष्ठभाग खचून खळगा पडतो; राख दिसण्याआधीची बहुधा हीच पहिली खूण. ५०० मी. जाडीच्या बर्फाचा भार सुमारे ४५ वातावरणांइतका, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ४५ पट भरतो. एवढ्या दाबाखाली वायूंना फुगायला वाव नसतो आणि लाव्हा उशांसारख्या गोळ्यांनी साचतो. दाब उतरला की स्फोट होऊन काचमय चुरा साठतो. असा रचत गेलेला डोंगर वितळलेल्या बर्फाच्या पाण्याबाहेर आला, तर माथ्यावर लाव्ह्याचे थर पसरतात. अशा सपाटमाथ्याच्या डोंगराला ‘टुया’ हे नाव कॅनडाचे भूवैज्ञानिक विल्यम मॅथ्यूज यांनी १९४७ मध्ये दिले. कोल्हापुरातून पन्हाळ्याकडे पाहणाऱ्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल. पण साम्य आकारापुरतेच. पन्हाळा हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी उघड्यावर पसरलेल्या दक्षिण ट्रॅपच्या (दख्खनच्या बेसाल्टी लाव्ह्याच्या) थरांची झीज होऊन उरलेला, जांभ्याची टोपी असलेला डोंगर आहे. टुया रचला जातो, कोरला जात नाही.

महापूर : बर्फाखाली साठलेले पाणी एकाएकी सुटते, त्याला आइसलँडी भाषेत ‘योकुलहलाउप’ (हिमनदीची धाव) म्हणतात. ते सुटते कसे, याविषयी मतभेद आहेत. आइसलँडचे भूवैज्ञानिक सिगुर्दुर थोरारिन्सन यांच्या मते पाण्याचा दाब बर्फाच्या भाराइतका झाला की बांधासारखा अडून बसलेला बर्फ तरंगून उचलला जातो. ब्रिटिश हिमनदी-अभ्यासक जॉन नाय यांच्या १९७६ च्या सिद्धांतानुसार पाणी तळाशी अरुंद बोगदा धरते आणि घर्षणाच्या उष्णतेने तो रुंदावत नेते. पूर त्यामुळे सावकाश चढतो. आइसलँडच्या व्हाट्नायोकुल हिमटोपीखालील ग्रिम्सव्होट्न सरोवराचे बहुतेक पूर नाय यांच्या बाजूने साक्ष देतात, कारण ते तरंगण्याची पातळी येण्याआधीच सुरू होतात. १९९६ चा पूर मात्र या चौकटीत बसत नाही. ३० सप्टेंबरला त्याच हिमटोपीखाली ग्याल्प येथे उद्रेक झाला व सुमारे ३० तासांत ५०० मी.हून जाड बर्फ भेदला गेला. पाणी महिनाभर सरोवरात उतरत राहिले, ५ नोव्हेंबरला सुटले आणि दिवसाच्या आत कमाल पातळीला गेले. या वेळी सरोवर तरंगण्याच्या पातळीला पोचले होते. तेव्हा निदान या पुरापुरते थोरारिन्सन यांचे मत अधिक ग्राह्य दिसते. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तलाव भरताच पाण्याच्या दाबाने आपसूक उघडतात, तसाच काहीसा हा प्रकार. मात्र तेथील एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी सुटते. या पुराचा कमाल विसर्ग ४५ ते ५० हजार घनमीटर प्रतिसेकंद, म्हणजे सुमारे १६ लाख क्युसेक किंवा त्याहून अधिक मानला जातो. महामार्गावरचे पूल मोडले. मनुष्यहानी झाली नाही.

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशातील नेवादो देल रुईस (१३ नोव्हेंबर १९८५) हा बर्फमाथ्याचा ज्वालामुखी आहे. त्याच्या चिखललोटाने आर्मेरो गाव गाडले गेले, तरी उद्रेक जाड बर्फाच्या तळाशी झालेला नसल्याने त्याला या सदरात घालणे सैल ठरेल.

भार उतरल्याचे परिणाम : साधारण १२ ते १० हजार वर्षांपूर्वी आइसलँडवरील हिमस्तर वितळला, तेव्हा दाब घटून प्रावरणातील (भूकवचाखालच्या थरातील) खडक अधिक वितळला व उद्रेक अनेक पटींनी वाढले, असे मानतात. पश्चिम अंटार्क्टिकात २०१७ मध्ये बर्फाखालची ९१ नवी ज्वालामुखी शंकुरूपे नोंदली गेली. त्यांपैकी जागृत किती, हे केवळ आकारावरून ठरत नाही.