आधी नेम झाडावर, मग झाडं चुकवून: डिस्क गोल्फची पार्श्वभूमी

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, ला कॅन्याडा फ्लिंटरिज गावाच्या कडेला ओकच्या झाडांचं एक सार्वजनिक उद्यान आहे. शेजारीच मंगळावर यानं धाडणारी जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी. उद्यानात ओकच्या सावलीत जागोजागी लोखंडी खांब उभे आहेत, वरून साखळ्या लोंबताहेत आणि खाली जाळीची टोपली. उद्यानाचं आजचं नाव हाहामोंग्ना वॉटरशेड पार्क. 1975 साली ते ओक ग्रोव्ह पार्क होतं, आणि डिस्क गोल्फसाठी, म्हणजे तबकडी (डिस्क) कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायच्या खेळासाठी, कायमचं आखलेलं पहिलं मैदान म्हणून हीच जागा ओळखली जाते.

खेळाचा धागा मात्र बराच मागे जातो. 1926 मध्ये कॅनडातल्या ब्लॅडवर्थ गावात रोनाल्ड गिब्सन आणि त्याचे शाळासोबती वाळूत वर्तुळं आखून त्यांत पत्र्याची झाकणं फेकत. पुढे फ्रेड मॉरिसनची प्लॅस्टिकची तबकडी 1957 मध्ये व्हॅम-ओ कंपनीकडे गेली आणि फ्रिस्बी या नावाने घरोघरी पोचली. मग पोरांनी बागांमध्ये हा नवा उद्योग सुरू केला: ते झाड, तो दिव्याचा खांब, ती कचऱ्याची पेटी, कमीत कमी फेकींत कोण शिवतं ते पाहू. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला अशा खेळाडूंचा मोठा अड्डाच होता. 1974 मध्ये त्यांनी मोठी स्पर्धा भरवली आणि बक्षीस लावलं थेट नव्या डॅटसन गाडीचं.

या सगळ्याला खेळाचं रूप दिलं एड हेड्रिक यांनी. व्हॅम-ओमध्ये असताना त्यांनी फ्रिस्बीच्या पाठीवर गोल कंगोरे आणून तिचं उडणं स्थिर केलं होतं. ओक ग्रोव्हला त्यांनी सुरुवातीला नुसते खांब रोवले. आणि तिथे घोळ झाला. डिस्क खांबाला लागली की नुसतीच जवळून गेली, यावर वाद. गोट्या खेळताना ‘लागली, नाही लागली’ म्हणून भांडलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. या वादांना कंटाळून हेड्रिकनी साखळ्यांची टोपली बनवली. फिरत आलेली डिस्क साखळ्यांवर आदळते, साखळ्या तिचा वेग आणि गिरकी दोन्ही शोषून घेतात आणि ती खाली टोपलीत पडते. पडताना खणखणाट होतो, तो पलीकडच्या झाडीतही ऐकू जातो. मग वाद कसला घालणार? 1977 मध्ये या टोपलीचं पेटंट मिळालं. माझ्या मते हा खेळ खरा उभा राहिला तो या साखळ्यांवर. हेड्रिक 2002 मध्ये गेले, तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांची रक्षा मिसळून डिस्क बनवल्या गेल्या.

टोपली आली आणि झाडाचं काम पालटलं. इतके दिवस ज्याच्यावर नेम धरायचा, तेच आता वाटेत आडवं आलं. गोल्फला रान साफ करून हिरवळ पोसावी लागते. इथे पायवाटेएवढी मोकळी पट्टी पुरते, म्हणून उद्यानांतल्या उताराच्या, झाडीच्या, एरवी कुणी न फिरकणाऱ्या कोपऱ्यांत ही मैदानं आखता आली. फिलाडेल्फियाच्या फेअरमाउंट पार्कमधलं सेजली वुड्स 1977 पासूनचं आहे.

झाडीतला खेळ खऱ्या अर्थाने रंगला 1983 नंतर. त्या वर्षी डेव्ह डुनिपेस यांनी उतरत्या, धारदार कडेची डिस्क आणली. जुनी फ्रिस्बी जाड कडेची, हवेत लवकर दमणारी. नवी लांब जायची आणि वळायचीही भरवशाने. उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून आडवा आणत उलट्या हाताने, फेकली की वेग कमी होताच ती डावीकडे झुकते. खेळाडू ती सोडतानाच कलती धरतात. बाहेरची कड खाली असेल तर हायझर, वर असेल तर अ‍ॅनहायझर. समोर दोन खोडांमध्ये हातभर फट असते, त्यामागे वाट डावीकडे वळते आणि टोपली दिसतही नाही. अशा वेळी दंडातल्या जोरापेक्षा डिस्क कुठल्या कोनात सुटली, यावर सगळं ठरतं. मोकळ्या माळावर लांब फेकणारे इथे चाचपडतात ते त्यामुळेच.

नियमही झाडी धरून घडले. डिस्क फांदीत अडकली तर तिच्या बरोबर खालच्या जमिनीवरून पुढची फेक. दोन मीटरहून उंच अडकली तर पूर्वी सरसकट एक दंडाची फेक वाढायची. आता आयोजकांनी आधी जाहीर केलं असेल तरच वाढते. फेकीला जागा करायची म्हणून फांदी मोडायची नाही, हा नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो.

कारण झाडं सोसतात बरंच. सुमारे 175 ग्रॅमची कडक डिस्क त्याच खोडावर पुन्हा पुन्हा बसली की साल सोलवटते. टी (पहिली फेक करायची जागा) आणि टोपलीभोवती माती तुडवून घट्ट होते, पाणी मुरत नाही आणि मुळं उघडी पडतात. यावर उपाय साधेच आहेत. वाटांवर लाकडाचा भुसा अंथरतात, टोपलीपुढच्या खोडांसमोर आडोशाला दांडके रोवतात. बऱ्याच मैदानांवर एकेका टोपलीसाठी दोन-तीन जागा आधीच करून ठेवलेल्या असतात. टोपली तिथे हलवली की तुडवलेल्या जमिनीला काही महिने उसंत मिळते.