हात हलवत परतणारा लूप

जुलै २०१७ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेची १.१९ आवृत्ती आली आणि त्या भाषेतला 'लूप' (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोडचा तुकडा) व्हॅल्यू परत करू लागला. लूप तोडणाऱ्या 'ब्रेक'च्या पुढे व्हॅल्यू लिहायची, ती थेट डावीकडच्या व्हेरिएबलमध्ये जाते. 'व्हाईल' (कंडिशन खरी असेपर्यंत फिरणारा) आणि 'फॉर' (यादीतल्या एकेकासाठी फिरणारा) या दुसऱ्या लूपना मात्र ही सोय मिळाली नाही. नव्याने रस्ट शिकणाऱ्याला हा दुजाभाव खटकतो, पण त्यामागचा पेच रस्टपेक्षा खूप जुना आहे.

अल्गोल ६० या जुन्या भाषेत 'इफ' एक्स्प्रेशन (व्हॅल्यू देणारी रचना) म्हणून वापरता येत होता, 'फॉर' मात्र स्टेटमेंटच (नुसता आदेश) राहिला. 'इफ-एल्स'च्या दोन वाटांपैकी एकीने जायचंच असतं, म्हणून व्हॅल्यू ठरलेली. लूप शंभर फेऱ्या मारेल किंवा एकही मारणार नाही. मग त्याची व्हॅल्यू कोणती धरायची? पुढे अल्गोल ६८ ने जवळपास सगळ्यालाच एक्स्प्रेशन केलं, तरी लूपच्या पदरात 'व्हॉइड'च, म्हणजे काहीच नाही, पडलं.

साधारण त्याच काळात कार्नेगी मेलनमध्ये तयार झालेल्या ब्लिस या भाषेने जास्त धीटपणा दाखवला. तिथे लूपमधून व्हॅल्यू घेऊन बाहेर पडता येई. तसं न होता लूप आपला आपण संपला, तर व्हॅल्यू -१. खरी अडचण इथेच उघडी पडते. लूप संपण्याचे मार्ग दोन: काही सापडलं म्हणून मध्येच बाहेर, किंवा कंडिशन खोटी ठरली म्हणून हात हलवत परत. दुसऱ्या वेळी काय द्यायचं, यावरच पुढची सगळी रचना ठरते. रूबी भाषेचा 'व्हाईल' अशा वेळी 'निल' (रिकामी व्हॅल्यू) देतो. २००९ साली आलेल्या कॉफीस्क्रिप्टने सगळ्या फेऱ्यांच्या व्हॅल्यूंचा ॲरेच (यादीच) परत करायचं ठरवलं. ऐकायला छान, पण तिथे फंक्शनच्या शेवटच्या ओळीची व्हॅल्यू आपोआप परत जाते, म्हणून शेवटी लूप असला की कुणी न मागितलेला ॲरे तयार होई आणि तो टाळायला लोक खाली रिकामा 'रिटर्न' लिहीत.

रस्टमध्ये व्हॅल्यूचा टाइप (आकडा, मजकूर असा प्रकार) आधीच ठरलेला लागतो, त्यामुळे -१ किंवा 'निल'वर भागवणं शक्य नव्हतं. पण नुसत्या 'लूप'ला कंडिशनच नसते. व्हॅल्यू हाती यायची तर ती 'ब्रेक'मधूनच येणार. सगळ्या 'ब्रेक'चा टाइप एक असला की कंपायलर खूश. 'व्हाईल'साठी व्हॅल्यू ऑप्शनमध्ये ('आहे' किंवा 'नाही' सांगणाऱ्या टाइपमध्ये) गुंडाळून देणं किंवा पायथॉनसारखा 'एल्स' जोडणं, असे पर्याय होते. पायथॉनचा तो 'एल्स' 'ब्रेक' झाला नाही तर चालतो. वाचणाऱ्याला मात्र 'लूप चाललाच नाही तर' असं वाटतं. झिग या भाषेने तरीही तोच शब्द घेतला आणि त्यातून व्हॅल्यूही दिली. माझ्या मते व्हॅल्यू मिळत असेल, तर हा 'एल्स' एकदम समजतो.

नोव्हेंबर २०२२ च्या १.६५ आवृत्तीपासून रस्टमध्ये लेबल (नाव) लावलेल्या साध्या ब्लॉकमधूनही, म्हणजे कंसातल्या कोडच्या तुकड्यातूनही, व्हॅल्यू घेऊन बाहेर पडता येतं. आत 'फॉर' ठेवायचा, सापडलं की अख्खा ब्लॉकच तोडायचा आणि न सापडल्यास द्यायची व्हॅल्यू ब्लॉकच्या शेवटच्या ओळीत लिहायची. म्हणजे 'एल्स' आलाच, फक्त मागच्या दाराने.