किनाऱ्यावरचे ३८ अंश, घाटावरचे ४०

सातारा जिल्ह्यात मुंबईला माणूस नाही असं घर शोधूनच काढावं लागेल. पाटण, जावळीकडची गावंच्या गावं गिरण्यांत, गोदीत आणि पुढं तुर्भ्याच्या बाजार समितीत माथाडी म्हणून राबली. मार्चमध्ये ‘मुंबईसह कोकणात उष्णतेची लाट’ अशी बातमी आली की गावाकडून काळजीचा फोन जातो, आणि आकडा ऐकला की काळजी तिथंच मिटते. “अडतीसच ना? आमच्याकडं चाळीस हाय.” सांगलीकडं, जत-आटपाडीच्या बाजूला तर चाळिशीचं कुणाला काही वाटतच नाही. पण किनाऱ्यावरचे अडतीस आपल्या चाळिसाच्या मापानं मोजणं जिवावर बेतू शकतं. शिवाय तिथली ती लाट बहुतेक वेळा आपल्याच पठारावरून खाली गेलेली असते.

हवामान विभाग लाट ठरवताना तीन वेगळे उंबरे धरतो. सपाट प्रदेशात कमाल तापमान किमान ४० अंश, डोंगराळ भागात ३०, आणि किनारपट्टीवर ३७. त्याच्या जोडीला ते त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी जास्त असावं लागतं. म्हणजे सांगलीत जो दिवस नेहमीचा, तोच रत्नागिरीत लाटेचा. ही काही कोकणाला दिलेली सवलत नव्हे. समुद्राकाठचं तापमान एरवी फार वरखाली होत नाही. मुंबईत ऐन मे महिन्यातही पारा तेहतीस-चौतिसाच्या आसपास असतो, कारण तोवर समुद्रावरचा पश्चिमेचा वारा चांगला जम बसवतो. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर वैशाखापेक्षा शिमग्याच्या सुमाराचे दिवस जास्त धोक्याचे.

असं का, याचं उत्तर शाळेत पाठ केलेल्या खाऱ्या आणि मतलई वाऱ्यांत आहे. दिवस वर आला की जमीन तापते आणि समुद्रावरून खारा वारा आत येतो. एरवी तो अकरा-बाराला सुरू होतो आणि पारा तिथंच अडतो. मार्चमध्ये मात्र कधी कधी दख्खनच्या पठारावरून पूर्वेचा कोरडा वारा जोरात वाहतो आणि खाऱ्या वाऱ्याला दुपारचे दोन-तीन वाजेपर्यंत किनाऱ्याबाहेरच थोपवून धरतो. तेवढ्या दोन-तीन तासांत तापमान चाळिशीला भिडतं.

त्यात सह्याद्रीची भर. हेळवाकवरून कुंभार्ली घाट उतरून पोफळीला जाणाऱ्याला गाडीच्या खिडकीतून येणारा वारा वळणागणिक बदलत गेल्याचं जाणवतं. खाली उतरणारी हवा दाबली जाते आणि दाबली गेली की तापते. कोरडी हवा दर शंभर मीटर उतारामागं जवळपास एक अंशानं तापते. घाटमाथ्यावर ३५ अंशांची असलेली हवा सहाशे मीटर उतरून तळाला पोचली की ४१ अंशांची होते, वाटेत कुठंही जाळ लागलेला नसताना.

याच दिवसांत तासगाव, कवठेमहांकाळकडं बेदाण्याची शेडं भरलेली असतात. द्राक्षं डिपिंग ऑइल आणि पोटॅशियम कार्बोनेटच्या द्रावणात बुडवून जाळ्यांच्या थरांवर पसरलेली, चारी बाजूंनी वारा खेळता. हवा कोरडी राहिली तर पंधरा-वीस दिवसांत माल तयार होतो. शेतकऱ्याला हवी असते ती हीच कोरडी हवा. ती घाट उतरून गेली की देवगड-रत्नागिरीच्या बागांत सुपारीएवढी कैरी गळते, मोठी झालेली कैरी उन्हाच्या बाजूनं भाजते आणि हापूसवाल्याचं वर्षाचं गणित मोडतं. एका जिल्ह्याची सुगी ज्या हवेवर, दुसऱ्याचं नुकसानही तिच्यामुळंच. माझ्या मते या दोन्हीकडच्या शेतकऱ्यांना हवामानाचा सल्ला एकत्र मिळायला हवा. वाऱ्याला जिल्ह्याची हद्द नसते.

किनाऱ्यावरच्या नोंदी जुन्या आहेत. कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातली, १८२६ सालची. भारतीय हवामान विभाग त्यानंतर जवळपास पन्नास वर्षांनी, १८७५ मध्ये स्थापन झाला. मुंबईत सांताक्रूझला नोंदलेला उच्चांक ४२.२ अंशांचा, १४ एप्रिल १९५२ चा. मार्चचा उच्चांक २८ मार्च १९५६ चा, ४१.७ अंश. त्यानंतर २०११ च्या मार्चमध्ये ४१.६ आणि २५ मार्च २०१८ ला ४१ अंशांची नोंद झाली. हे आकडे पाहून कुणीही विचारेल, उच्चांक तर सत्तर वर्षांपूर्वीचाच आहे, मग बदललं काय?

बदलला तो पाया. १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशानं वाढलं. हिंदी महासागराच्या उष्ण कटिबंधातल्या भागाचं पृष्ठतापमान १९५१ ते २०१५ या काळात सुमारे १ अंशानं वाढलं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्यासारखे शास्त्रज्ञ या तापत्या समुद्राबद्दल वर्षानुवर्षं सांगत आहेत. हवा एका अंशानं तापली की तिच्यात बाष्प मावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळं आज समुद्रावरून येणारा खारा वारा पूर्वीइतका दिलासा देत नाही. तो पारा खाली आणतो, पण घाम वाढवतो. रात्री बाष्पाची चादर आणि सिमेंटच्या भिंती मिळून उष्णता धरून ठेवतात. उन्हाळा अलीकडंही सरकतोय. मार्च २०२२ हा देशातला १९०१ पासूनचा सर्वांत तापलेला मार्च ठरला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्येच कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला.

दमट हवेत नेमकं काय बिघडतं ते माठाकडं पाहून कळतं. जतच्या कोरड्या हवेत माठातून पाझरलेलं पाणी भराभर उडतं आणि आतलं पाणी गारढोण होतं. तोच माठ मुंबईत आणला तर पाणी जेमतेम थंड होतं. माणसाचं शरीर घामावाटे हेच करतं. म्हणून शास्त्रज्ञ तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून ‘आर्द्र बल्ब तापमान’ मोजतात. ते ३५ अंशांवर गेलं तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही काही तासांपलीकडं तग धरू शकणार नाही, अशी मर्यादा २०१० मध्ये मांडली गेली. पुढं अमेरिकेत तरुण, निरोगी माणसांवर प्रयोग झाले, तेव्हा दमट हवेत ३१ अंशांच्या आसपासच शरीर हार मानू लागतं असं दिसलं. इराणच्या आखातातल्या रास अल खैमाह या किनारी ठिकाणी ३५ चा टप्पा थोड्या वेळापुरता ओलांडला गेल्याचं २०२० च्या एका अभ्यासात नोंदलं आहे.

आपल्या देशात किनाऱ्यानं याची किंमत आधीच मोजली आहे. १९९८ च्या उन्हाळ्यात ओडिशात दोन हजारांहून अधिक माणसं दगावली, आणि त्यानंतर त्या राज्यानं उष्णतेला आपत्ती मानून तयारी सुरू केली. २०१५ मध्ये आंध्र आणि तेलंगणात तसंच घडलं. पूर्व किनाऱ्यावर गणित उलटं असतं. तिथं मे महिन्यात पश्चिमेचा तापलेला वारा जमिनीवरून येतो आणि बंगालच्या उपसागरावरचा वारा अडवतो. शहरासाठी उष्णता कृती आराखडा मात्र आधी केला तो २०१३ मध्ये अहमदाबादनं, २०१० च्या लाटेचा तडाखा बसल्यावर.

महाराष्ट्राला खरा धक्का बसला १६ एप्रिल २०२३ ला. खारघरच्या उघड्या मैदानावर ‘महाराष्ट्र भूषण’ सोहळ्याला राज्यभरातून माणसं आली होती. उन्हात तासन्‌तास बसून १४ जणांचा जीव गेला. त्या दिवशी पारा चाळिशीच्या आतच होता. घाटावरून गेलेल्या कुणालाही तो आकडा ऐकून भीती वाटली नसती.

खारघरपासून तुर्भ्याचा बाजार फार लांब नाही. पाटण तालुक्यातून गेलेल्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केलं आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. हजेरी, भविष्यनिर्वाह निधी, दवाखाना, घरं, असं बरंच त्यातून मिळालं. पण मजुरी अजून बहुतेक ठिकाणी गोणीवर आहे. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन ट्रकपासून गाळ्यापर्यंत जाणाऱ्याचा घाम बनियनला चिकटून राहतो, उडत नाही, आणि सावलीत टेकलं की तेवढी गोणी बुडते. उन्हाच्या वेळा, पाणी आणि विसाव्याची मजुरी ठरवण्याचं काम माथाडी मंडळांनी आता हाती घ्यावं. सरकार, व्यापारी आणि कामगार तिघंही त्या टेबलाशी बसतात, त्यामुळं ते त्यांना जमण्यासारखं आहे.

हवामान विभागानं २०२३ पासून तापमान आणि आर्द्रता एकत्र धरणारा उष्णता निर्देशांक प्रायोगिक स्वरूपात द्यायला सुरुवात केली आहे. कोकणासाठी ‘उष्ण व दमट हवामान’ असा वेगळा इशाराही येतो, पारा ३७ पर्यंत पोचलेला नसतानाही. गावाकडून फोन करणाऱ्यानं कमाल तापमानाबरोबर हा इशारा आहे का ते विचारावं, आणि रात्री झोप लागली का तेही.