पाच मिनिटांत विसरणाऱ्या माणसाला हसवून काय फायदा?

संध्याकाळी सहाच्या सुमारास आमच्या हॉलमधून सातारा-स्वारगेट गाडी सुटते. कंडक्टर माझे वडील, अण्णा. वय ७९, एसटीत ३१ वर्षं नोकरी, आणि गेली चार वर्षं अल्झायमर. उन्हं उतरली की त्यांची घालमेल सुरू होते, 'ड्युटी आहे, डेपोत जायचंय, माझा ट्रे कुठंय' म्हणत ते दाराची कडी काढायला लागतात. पहिलं वर्षभर आम्ही त्यांना समजावत बसायचो की अण्णा तुम्ही रिटायर झालात, वीस वर्षं झाली, आणि प्रत्येक वेळी त्यांचा चेहरा असा पडायचा की जणू नोकरी आत्ताच गेलीय. मग एकदा आईलाच सुचलं. ती सोफ्यावर बसली आणि म्हणाली, 'मास्तर, एक स्वारगेट द्या.' अण्णा थांबले. डावा हात पोटाशी धरला, तिथं तिकिटांचा ट्रे असल्यासारखा, उजव्या हाताने हवेतलं तिकीट फाडलं, पंच केलं आणि विचारलं, 'सुट्टे आहेत का?' आईला हसू फुटलं, मग मला, आणि आमच्याकडे बघून अण्णाही खळखळून हसले. कितीतरी महिन्यांनी.

गेल्या महिन्यात आत्या राहायला आली, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, आणि तिने हे सगळं बघितलं. तिला फार लागलं. 'बापाच्या आजारावर हसता? आणि पाच मिनिटांत तो विसरणारच आहे, मग हे नाटक कुणासाठी?' योगायोग म्हणजे त्याच दिवशी फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड आला की रोज १५ मिनिटं मोठ्याने हसा, अल्झायमर पळून जाईल. फॉरवर्डबद्दल नंतर बोलते, आधी आत्याचा प्रश्न घेते, कारण तो खरोखर चांगला प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला मेंदूविज्ञानातल्या सगळ्यात सुंदर गोष्टींपैकी एक वाटतं.

आपण 'स्मरणशक्ती' असा एकच शब्द वापरतो म्हणून वाटतं की डोक्यात एकच गोदाम आहे आणि त्याला गळती लागलीय. प्रत्यक्षात मेंदूत आठवणींची निदान तीन-चार वेगवेगळी खाती आहेत, त्यांच्या जागा वेगळ्या आणि ती एकाच वेळी बुडत नाहीत. आज सकाळी काय खाल्लं, कोण भेटलं, ही घटनांची आठवण. ती कायमची बसवण्याचं काम हिप्पोकॅम्पस करतो, कानाच्या थोडं वर दोन्ही बाजूंना आत दडलेला, करंगळीएवढा भाग. हात सवयीने जे करतात, म्हणजे सायकल, भाकरी थापणं, तिकीट पंच करणं, ते खातं बेसल गँग्लिया, म्हणजे मेंदूत खोलवर असलेले पेशींचे पुंजके, आणि लहान मेंदूकडे. आणि एखाद्या गोष्टीमुळे बरं वाटलं की भीती वाटली, ही भावनेची नोंद ठेवण्यात मोठा वाटा अमिग्डलाचा, हिप्पोकॅम्पसच्या अगदी पुढ्यात बसलेली बदामाच्या आकाराची गाठ.

अल्झायमरमध्ये टाऊ नावाचं प्रथिन पेशींच्या आत गुंता करतं आणि हा गुंता कुठून कुठे पसरतो याचे टप्पे ब्राक दांपत्याने १९९१ मध्ये मांडले. सुरुवात होते एन्टोरायनल कॉर्टेक्समध्ये. हा भाग म्हणजे हिप्पोकॅम्पसचं प्रवेशद्वार, मेंदूच्या पृष्ठभागावरून येणारी जवळजवळ सगळी माहिती इथून हिप्पोकॅम्पसमध्ये शिरते, त्यामुळे दारच बंद झालं की आतल्याला नवीन काही कळतच नाही, आणि मग हिप्पोकॅम्पसही आक्रसत जातो. अमिग्डलालाही झळ बसते, ती सुरक्षित राहते असं नाही, पण तिला माहिती मिळायचे इतर रस्ते आहेत, आवाज आणि चेहरे तिच्याकडे हिप्पोकॅम्पसला वळसा घालून पोचतात, आणि भावना ही एका जागी साठवलेली वस्तू नसून ती हायपोथॅलॅमस आणि ब्रेनस्टेम हे मेंदूच्या तळाचे भाग, हार्मोन, हृदयाचे ठोके अशी सगळ्या शरीरभर काही काळ रेंगाळणारी अवस्था असते. हे जरा जड झालं, पण मुद्दा एवढाच की घटना विसरली तरी तिने उठवलेली लाट लगेच ओसरत नाही.

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्झायमरचे १७ रुग्ण आणि १७ निरोगी माणसं घेतली. त्यांना आधी दुःखी आणि मग आनंदी चित्रपटांचे तुकडे दाखवले, प्रत्येक वेळी साधारण २० मिनिटं. पाच मिनिटांनी विचारलं, काय बघितलंत? रुग्णांना फारच थोडं आठवत होतं, काहींना तर एकही गोष्ट सांगता येईना. पण 'आत्ता कसं वाटतंय' हे पुढच्या अर्ध्या तासात पुन्हा पुन्हा विचारलं तेव्हा दुःख आणि आनंद दोन्ही शिल्लक होते. म्हणजे कारण पुसलं गेलं होतं आणि भावना तशीच होती. त्यातही दुःख आनंदापेक्षा थोडं जास्त टिकलं, आणि ज्यांना दुःखी चित्रपट कमी आठवत होता त्यांच्यात ते जास्त रेंगाळल्याचं दिसलं. विचार करा, आपल्याला वाईट वाटतं तेव्हा आपण म्हणतो की अमुक झालं म्हणून वाटतंय, जाऊ दे. त्यांना हे 'जाऊ दे' म्हणायला कारणच सापडत नाही.

शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जिनिव्हातल्या क्लापारेड नावाच्या डॉक्टरने हेच वेगळ्या आणि जरा क्रूर पद्धतीने दाखवलं होतं. त्यांच्या एका पेशंट बाईंना डॉक्टर रोज नवेच वाटायचे. त्यांनी एकदा हातात टाचणी लपवून शेकहँड केला. नंतर हात पुढे केला तर बाई हात देईनात, का ते मात्र सांगता येईना. हे त्यांनी १९११ मध्ये लिहून ठेवलं.

आमच्या घरी ही टाचणी आम्हीच टोचलेली आहे. गणपतीत सगळे जमले होते, पोरांपैकी एकाने विचारलं, 'अण्णा, सांगा बरं मी कोण?' अण्णांनी नाव घेतलं ते चुकीचं, पोरगा म्हणाला 'चूक! अजून एक चान्स', आणि हॉल हसला. अण्णाही हसले, सगळे हसतायत म्हणून. दहा मिनिटांत त्यांना तो प्रसंग आठवत नव्हता, मी विचारून बघितलं. पण त्या रात्री ताट पुढे सरकवलं, आरतीला उठले नाहीत, माझा हात झिडकारला, आणि 'काय झालं' विचारलं तर 'काही नाही' म्हणत भिंतीकडे बघत बसले. तेव्हा मला समजलं नव्हतं, आयोवाचा अभ्यास वाचल्यावर समजलं. पाच मिनिटांत विसरणार म्हणून चेष्टा चालते असं ज्यांना वाटतं त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं. आणि आत्याचं उत्तरही यातच आहे, ते हसणं विसरतात, हसल्यानंतरचं हलकेपण मात्र जेवणापर्यंत टिकतं, आणि त्या दिवशी गोळी घेताना भांडण होत नाही.

आता हसवायचं कसं? विनोद सांगून बहुतेक वेळा जमत नाही. विनोद कळायला मेंदूला मोठी कसरत करावी लागते, सुरुवातीचं वाक्य डोक्यात धरून ठेवायचं, शेवटी अपेक्षाभंग झालेला ओळखायचा, मग मागे जाऊन दोन्हींचा मेळ घालायचा. पुढच्या वाक्यापर्यंत आधीचं वाक्यच सांडलं तर हसणार कशावर? पण हसण्याला विनोद लागतोच असं कुठंय. रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकन शास्त्रज्ञाने मॉलमध्ये, रस्त्यावर लोक नेमकं कशावर हसतात याच्या नोंदी घेतल्या, तर विनोद म्हणता येईल अशा वाक्यानंतरचं हसू जेमतेम १० ते २० टक्के निघालं. बाकीचं 'बरं, येते मी' असल्या वाक्यांवर. माणूस एकटा असताना हसतो त्याच्या साधारण ३० पट सोबतीत हसतो. हसणं ही मुळात सोबतीची क्रिया आहे, आणि समोरच्याचं हसू बघून हसायला आठवण लागत नाही. २०१७ मध्ये फिनलंडमधल्या तुर्कू इथं पेट (PET) नावाचा, मेंदूतल्या रसायनांचा माग काढणारा स्कॅन करून दाखवलं गेलं की मित्रांसोबत हसल्यावर मेंदूत अफूसारखी काम करणारी आपली स्वतःची रसायनं सुटतात.

आमच्याकडे म्हणूनच जोक कुणी सांगत नाही. आम्ही तिकीट काढतो, आई मुद्दाम विचारते 'गाडी शिरवळला थांबते का हो', अण्णा म्हणतात 'थांबते, पण तुमच्यासाठी नाही', आणि हे रोज नव्याने हसू आणतं. पंच मारायची बोटांची सवय वेगळ्या खात्यातली, ती शाबूत आहे, त्यामुळे या खेळात अण्णा कुठेही कमी पडत नाहीत. माझ्या मते सगळं इथंच आहे, जिथं त्यांना येतं तिथं जाऊन हसायचं, जिथं येत नाही तिथं नाही.

सांभाळणाऱ्यांचं हसू हा जरा वेगळा विषय आहे आणि त्याबद्दल लोक उगाच लाजतात. कणीक मळायला परात घेतली आणि पिठाच्या डब्यातून अण्णांची कवळी निघाली, तेव्हा मी आणि आई ओट्याला धरून रडेपर्यंत हसलो. अण्णा झोपले होते. चार दिवस कवळी शोधत होतो, त्यांना पातळ खिचडी भरवत होतो, आम्ही दोघी थकून गेलो होतो. अशा हसण्यात मेंदू एक ठोस काम करतो, कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग घडलेल्या प्रसंगाला नवं लेबल लावतो, 'संकट'च्या जागी 'गंमत', आणि लेबल बदललं की धोक्याची घंटा मंदावते. मानसशास्त्रात रॉड मार्टिन यांनी २००३ मध्ये विनोदाचे चार प्रकार मांडले, जवळ आणणारा, स्वतःला सावरणारा, दुसऱ्याला टोचणारा आणि स्वतःला कमी लेखणारा. कवळीचा विनोद पहिल्या दोन खात्यांतला, गणपतीतला तिसऱ्या. दोन्हीकडे आवाज हसण्याचाच येतो म्हणून आत्यासारख्या मायेच्या माणसाचाही गोंधळ होतो.

आता तो फॉरवर्ड. हसण्याने अल्झायमर बरा होत नाही, टळत नाही, पळत तर अजिबात नाही. हास्यक्लबची सुरुवात आपल्या मुंबईतच १९९५ मध्ये डॉ. मदन कटारियांनी बागेत पाच जणांना घेऊन केली आणि तिथं जाऊन लोकांना सोबत मिळते, मन मोकळं होतं हे चांगलंच आहे, पण टाऊचा गुंता हसून सुटत नाही. सिडनीमध्ये ३५ नर्सिंग होममध्ये खास प्रशिक्षण घेतलेले विदूषक डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृतिभ्रंशाच्या आजारांच्या वृद्धांसोबत आठवड्यामागून आठवडे काम करत होते, रीतसर तुलना करून, आणि निकाल संशोधकांनी प्रामाणिकपणे सांगितला, नैराश्य कमी झालं नाही, अस्वस्थपणा आणि चिडचिड मात्र कमी झाली. ज्याच्या घरी संध्याकाळी दाराची कडी निघते त्याला विचारा हे केवढं मोठं आहे ते. भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज आहे, आणि अजूनही 'साठी बुद्धी नाठी' म्हणून सोडून देणारे, नाहीतर कुणीतरी करणी केली म्हणून उतारा टाकणारे भेटतात तेव्हा राग येतो, कारण विसरण्यामागे थायरॉइड किंवा बी-१२ ची कमतरता असली तर उपचाराने फरक पडू शकतो आणि ते वर्ष उताऱ्यात वाया जातं.

अजून एक सांगते. माणूस हसतोय म्हणजे खूश आहे असं दर वेळी नसतं. फ्रंटोटेम्पोरल नावाच्या डिमेन्शियात विनोदाची जाणच बदलते, बातम्यांमधला अपघात बघून किंवा मयताच्या घरी माणूस हसतो. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या गटाने २०१५ मध्ये रुग्णांच्या घरच्यांना विचारलं तर अनेकांनी सांगितलं की हा बदल आजार कळायच्या कितीतरी वर्षं आधी दिसला होता. घरात कुणाचं हसू असं अचानक परकं झालं असेल तर न्यूरोलॉजिस्टला दाखवा.

आत्याला मी यातलं निम्मं सांगितलं, हिप्पोकॅम्पसपर्यंत आले तेव्हा ती उठून देवाजवळ दिवा लावायला गेली. जायच्या आदल्या संध्याकाळी मात्र गाडी सुटायच्या वेळी ती येऊन आईशेजारी बसली. अण्णा ट्रे सांभाळत आले, आईला तिकीट दिलं, आत्याकडे बराच वेळ बघितलं. जुन्या आठवणी शेवटपर्यंत तग धरतात, हे रिबो नावाच्या फ्रेंच माणसाने १८८१ मध्येच लिहून ठेवलंय. 'आमच्या धाकटीचं हाफ,' अण्णा म्हणाले, 'अजून बारा पूर्ण नाहीत हिला.' आत्या ७१ वर्षांची आहे. तिने पदर तोंडाला लावला, मग कमरेची पिशवी चाचपली.

'दादा, सुट्टे नाहीत, शंभराची नोट आहे.'

'असू दे,' अण्णा म्हणाले, 'तिकिटामागं लिहितो. उतरताना घे.'