आपल्याच विजेचा कोळसा वाहणारी इस्पितळाची रेल्वे

इस्पितळाला स्वतःची रेल्वे कशाला लागते? रुग्णांची ने-आण करायला, असं पटकन वाटतं. पण इंग्लंडच्या दक्षिणेकडच्या पूर्व ससेक्समध्ये, हेलिंग्ली स्टेशनापासून तिथल्या मनोरुग्णालयापर्यंत जाणारी जेमतेम दोन किलोमीटरची रेल्वे प्रामुख्याने कोळसा वाहायची.

त्या काळी मनोरुग्णालयं मुद्दाम शहरापासून लांब, मोकळ्या हवेत बांधत. एवढ्या मोठ्या वस्तीला ऊब आणि गरम पाणी पुरवायचं तर बॉयलर सतत पेटते हवेत. हेलिंग्लीचे रूळ १८९९ मध्ये पडले ते आधी बांधकामाचं सामान आणण्यासाठी. पुढे १९०२ मध्ये या मार्गाचं विद्युतीकरण झालं आणि २० जुलै १९०३ पासून प्रवासीही जाऊ-येऊ लागले. डबा कसला, ट्रामसारखी एक चिमुकली गाडी होती ती.

लँकेशायरमधल्या व्हिटिंगहॅम इस्पितळाची अशीच रेल्वे १८८९ ते १९५७ या काळात वाफेच्या इंजिनांवर चालली. मग हेलिंग्लीला वीज का? कारण इस्पितळाचं स्वतःचं वीजघर होतं. वाफेचं इंजिन निघण्याच्या कितीतरी आधी पेटवावं लागतं आणि उभं असतानाही ते कोळसा खातं. दिवसातून मोजक्या फेऱ्या असल्या की हा खर्च अंगावर येतो. विजेचं इंजिन उभं असताना मोटारीला काहीच लागत नाही.

तारेतून येणारी वीज ५०० व्होल्टची, एकदिश प्रवाहाची (डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी) होती. मालाच्या जड वाघिणी हलवायला अशा प्रवाहावरची सिरीज मोटार, म्हणजे जिच्या स्थिर आणि फिरत्या भागांतल्या तारांमधून एकच प्रवाह ओळीने जातो ती, फार सोयीची. गाडी थांबलेली असते तेव्हा मोटारीतून सर्वात जास्त प्रवाह जाऊ शकतो, त्यामुळे नेमका सुरुवातीलाच, जेव्हा गरज असते तेव्हा, मोठा जोर मिळतो. वेग वाढला की फिरणारी मोटार स्वतःच येणाऱ्या विजेला विरोध करणारा उलटा विद्युतदाब (व्होल्टेज) निर्माण करते आणि प्रवाह आपोआप घटतो. गिअर बदलायची कटकटच नाही. मुंबईत १९२५ मध्ये व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला विजेची गाडी धावली, तीही एकदिश प्रवाहावर, फक्त १५०० व्होल्टच्या.

मला या रेल्वेचं सर्वात अप्रूप वाटतं ते तिच्या साखळीचं. गाडी कोळसा आणायची, कोळशावर वाफ व्हायची, वाफेवर वीज आणि त्याच विजेवर पुढची वाघीण यायची. पोलादी चाक पोलादी रुळावर फारसं दबत नाही, म्हणून ओढायला लागणारी ताकद कमी. त्यामुळे आणलेल्या कोळशातला अगदी थोडा भाग वाहतुकीत जाई, बाकी सगळा इस्पितळाच्या कामी येई.

१९२३ नंतर प्रवासी घटत गेले आणि ती सेवा बंद पडली. कोळसा मात्र येत राहिला, थेट १९५९ पर्यंत. त्या वर्षी इस्पितळाने बॉयलर तेलावर चालवायचं ठरवलं आणि साखळीची पहिलीच कडी निसटली. रूळ शाबूत होते, पण वाघिणीत भरायला काही उरलं नव्हतं.