संशोधन-मार्गदर्शक (वैज्ञानिकांचा)

संशोधन-मार्गदर्शक : नवशिक्या संशोधकाला प्रयोगाचे तंत्र, प्रश्न निवडण्याची दृष्टी आणि या व्यवसायात पाय रोवण्यासाठी लागणारे पाठबळ देणारा अनुभवी वैज्ञानिक. विद्यापीठांत त्याला सरसकट ‘गाइड’ म्हणतात. कागदोपत्री तो पीएच.डी. प्रबंधाचा मान्यताप्राप्त मार्गदर्शक असतो. प्रत्यक्षात हे नाते कधी प्रबंधाच्या आधीच जुळते आणि पदवीनंतरही शिफारसपत्र, पोस्टडॉकची (पीएच.डी.नंतरच्या तात्पुरत्या संशोधनपदाची) जागा, पहिली नोकरी असे पुढे चालते. प्रबंधावर सही करणारा आणि खऱ्या अर्थाने घडवणारा एकच असेल असे नाही.

संज्ञा : इंग्रजीतून आलेला ‘मेंटॉर’ हा शब्द होमरच्या ‘ओडिसी’तील ओडिसियसच्या मित्राच्या नावावरून आला, असे बहुतेक कोशांत आढळते. मात्र त्या महाकाव्यात मेंटॉरची स्वतःची कामगिरी बेताचीच आहे. ओडिसियसचा मुलगा तेलेमाकस याला सल्ला मिळतो तो मेंटॉरचे रूप घेतलेल्या अथीना देवीकडून. फ्रेंच लेखक फेनेलाँ यांनी १६९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तेलेमाकसविषयीच्या कथेत मेंटॉरला उपदेशक म्हणून मध्यवर्ती स्थान दिले. इंग्रजीत सामान्यनाम म्हणून हा शब्द साधारण अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ झालेला दिसतो. त्यामुळे आजच्या अर्थाचा उगम होमरपेक्षा फेनेलाँकडे शोधणे अधिक सयुक्तिक ठरते. मराठीत या अर्थी ‘गुरू’ शब्द सहज वापरला जातो, पण तो पुरता जुळत नाही. पारंपरिक कल्पनेत गुरुवचन प्रमाण असते. संशोधनात पुरावा विरुद्ध गेला, तर मार्गदर्शकाचे म्हणणे खोडण्याची मुभा विद्यार्थ्याला असावी लागते. इरावती कर्वे यांनी बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी मानवशास्त्रज्ञाच्या हाताखाली कवट्यांच्या असममितीचा (डाव्या-उजव्या बाजूंतील फरकाचा) अभ्यास केला. वंश आणि असममिती यांचा संबंध नाही, असा फिशर यांना न रुचणारा निष्कर्ष त्यांनी प्रबंधात मांडला व डॉक्टरेट मिळवली.

प्रयोगशाळेतील मार्गदर्शनाचा उगम : आजच्या स्वरूपाचे मार्गदर्शन, म्हणजे एका प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत अनेक विद्यार्थ्यांनी संबंधित प्रश्नांवर स्वतंत्र काम करणे, याची सुरुवात सामान्यतः जर्मनीतील गीसेन येथे झाली असे मानले जाते. रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लीबिक तेथे १८२४ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, प्राध्यापक झाले. ही नेमणूक स्वतःच मार्गदर्शनाचे फळ होती. पॅरिसमध्ये निसर्गशास्त्रज्ञ अलेक्झांडर फोन हुंबोल्ट यांनी या तरुणाला हेरले, रसायनशास्त्रज्ञ गे-ल्यूसॅक यांच्याकडे काम मिळवून दिले आणि पुढे गीसेनसाठी शिफारस केली. लीबिक यांची प्रयोगशाळा वापरात नसलेल्या लष्करी इमारतीत होती आणि आरंभी तेथे मुख्यतः औषधनिर्मात्यांना शिकवले जाई.

गीसेनच्या अग्रक्रमाबद्दल मात्र मतभेद आहेत. गटिंगेनमध्ये रसायनशास्त्रज्ञ श्ट्रोमायर त्याआधीच विद्यार्थ्यांकडून प्रयोग करवून घेत असत. स्टॉकहोममध्ये रसायनशास्त्रज्ञ बर्झीलियस यांच्याकडे व्हलर यांच्यासारखे निवडक विद्यार्थी काम करीत. एरफुर्टमध्ये ट्रोम्सडोर्फ यांची औषधनिर्माण शिकवणारी संस्था अठराव्या शतकाच्या अखेरीस निघालेली होती. इतिहासकार मॉरेल यांनी १९७२ मध्ये लीबिक यांची ग्लासगोचे रसायनशास्त्रज्ञ टॉमस टॉमसन यांच्याशी तुलना करून गीसेनच्या यशाची कारणे मांडली. सोपे व भरवशाचे तंत्र हे त्यांतील एक महत्त्वाचे कारण. इतिहासकार होम्स यांच्या मते अध्यापन व संशोधन यांची सांगड लीबिक यांनी आधी आखलेली नव्हती, ती कामाच्या ओघात हळूहळू बसत गेली. उपलब्ध पुराव्याशी हे मत अधिक जुळते.

सेंद्रिय पदार्थांच्या विश्लेषणाच्या या तंत्राचा गाभा म्हणजे लीबिक यांचे पाच फुग्यांचे काचेचे उपकरण (सु. १८३०). सेंद्रिय पदार्थ कॉपर ऑक्साइडबरोबर ज्वलननळीत जाळला की निघणारी वाफ आधी कॅल्शियम क्लोराइडच्या नळीत शोषली जाई. मग कार्बन डाय-ऑक्साइड त्रिकोणी मांडणीच्या या फुग्यांतील पोटॅशच्या द्रावात बुडबुडत शिरे. ज्वलन संपले की नळीचे बंद टोक मोडायचे आणि दुसऱ्या बाजूने तोंडाने हवा हळूच ओढून उरलासुरला वायूही द्रावात आणायचा. फुग्यांचे आधीचे व नंतरचे वजन यांतील फरकावरून पदार्थातील कार्बनचे प्रमाण निघे. किती जोराने ओढायचे, निखारे नळीखाली कधी सरकवायचे, हे वाचून येत नाही. शेजारी उभ्या असलेल्या जाणत्याच्या हाताकडे पाहूनच ते शिकावे लागते. प्रयोगशाळेतल्या मार्गदर्शनाचे मर्म याहून नेमके दाखवणारे उदाहरण क्वचितच सापडेल. होफमान, व्युर्ट्झ, फ्रँकलंड हे रसायनशास्त्रज्ञ गीसेनला राहून गेले. केकुले तेथे वास्तुशास्त्र शिकायला आले होते, ते लीबिक यांची व्याख्याने ऐकून रसायनशास्त्राकडे वळले.

वंशावळी : जीवरसायनशास्त्रज्ञ हान्स क्रेब्ज यांनी १९६७ मध्ये आपली शैक्षणिक वंशावळ मांडली. त्यांचे मार्गदर्शक वारबुर्ग, वारबुर्ग यांचे एमिल फिशर, त्यांचे बायर, बायर यांचे केकुले आणि केकुले यांचे लीबिक. अमेरिकेत संशोधन करून १९७२ पर्यंत नोबेल पारितोषिक मिळवलेल्या ९२ वैज्ञानिकांपैकी ४८ जणांनी आधीच्या नोबेल विजेत्यांच्या हाताखाली काम केले होते, असे समाजशास्त्रज्ञ हॅरिएट झुकरमन यांना आढळले. यातून उत्तम मार्गदर्शन सिद्ध होते की उत्तम विद्यार्थी नामवंतांकडे जातात एवढेच, हे आकड्यांवरून ठरत नाही. झुकरमन यांनी दोन्ही बाजूंनी होणारी निवड मान्य केली आहे. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये वर्णन केलेला मॅथ्यू परिणाम, म्हणजे श्रेय आधीच प्रसिद्ध असलेल्याकडे ओढले जाणे, ही या नात्याची दुसरी बाजू.

भारतात : कोलकात्यात प्रफुल्लचंद्र राय यांच्याभोवती रसायनशास्त्रज्ञांची पिढी घडली. मुंबई विद्यापीठाच्या १९३३ मध्ये सुरू झालेल्या रसायन तंत्रज्ञान विभागात (यूडीसीटी) के. वेंकटरामन यांच्यापासून संशोधनाची परंपरा रुजली. रासायनिक अभियंते मनमोहन शर्मा यांनी केंब्रिजमध्ये डॅंकवर्ट्स यांच्याकडे पीएच.डी. केली व १९६४ मध्ये ते या विभागात प्राध्यापक झाले. रघुनाथ माशेलकर हे त्यांचे विद्यार्थी. माशेलकर स्वतः मात्र आपल्या घडणीचे श्रेय त्याही आधी, मुंबईच्या शाळेतल्या भावे सरांना देतात. सरांनी मुलांना उन्हात नेऊन बहिर्वक्र भिंगाने कागद जाळून दाखवला होता.

मार्गदर्शक मिळणे ही सर्वांना सारखी संधी नव्हती. कमला भागवत (पुढे सोहोनी) यांनी १९३३ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेकडे अर्ज केला, तेव्हा संचालक सी. व्ही. रामन यांनी स्त्री म्हणून प्रवेश नाकारला. पुष्कळ आग्रहानंतर तो एका वर्षाच्या परीक्षाकाळासह व अपमानास्पद अटींवर मिळाला. रामन यांचा हा निर्णय उघड अन्याय होता, त्यांच्या थोरवीने तो झाकू नये. तेथे श्रीनिवासय्या यांनी त्यांना कसून शिकवले आणि पुढे संस्थेचे दार इतर स्त्रियांसाठीही उघडले. केंब्रिजमध्ये वनस्पतींतील सायटोक्रोम सी या प्रथिनावर काम करून त्यांनी १९३९ मध्ये पीएच.डी. मिळवली. विज्ञानातील डॉक्टरेट मिळवणारी पहिली भारतीय स्त्री असा त्यांचा उल्लेख होतो. तथापि वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्मल यांना मिशिगन विद्यापीठाची डी.एस्सी. (विज्ञानातील डॉक्टरेट) १९३१ मध्येच मिळाली होती, त्यामुळे तो ‘पीएच.डी.’ या पदवीपुरता मर्यादित ठेवणे योग्य.

नियमन : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्राध्यापकाला ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ व सहायक प्राध्यापकाला ४ पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. प्रगतीचा आढावा संशोधन सल्लागार समिती घेते. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने २००९ पासून पोस्टडॉकसाठी निधी मागताना मार्गदर्शनाची लेखी योजना जोडणे बंधनकारक केले. भारतीय नियमांत पदवीनंतरच्या वाटचालीविषयी, अध्यापनाच्या प्रशिक्षणाखेरीज, फारसे काही आढळत नाही.