पितळी सांगाडा आणि पोलादी सांगाडा: वापरलेल्या १८५१ नेव्हीची पारख

सॅम्युएल कोल्टच्या १८५१ नेव्ही या रिव्हॉल्व्हरच्या इटालियन प्रतिकृती अमेरिकेतल्या शस्त्रमेळ्यांत आणि जुन्या बंदुकांच्या दुकानांत सहज हाती लागतात. त्यांत दोन जाती आहेत: एकीचा सांगाडा पितळेचा, दुसरीचा पोलादाचा. अष्टकोनी नळी, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, सिलिंडरवर कोरलेली १८४३ च्या आरमारी लढाईची चित्रे हे सगळे दोन्हींत बहुधा सारखेच असते. त्यामुळे नवखा माणूस दोन्हींना एकाच मापाने मोजतो आणि पितळेच्या झळाळीला भुलून नको तितके पैसे देऊन बसतो. या दोन जातींची झीज वेगवेगळ्या जागी होते, म्हणून त्यांची पारखही वेगवेगळ्या जागी करावी लागते.

आधी ओळख पटवावी, कारण पितळ दिसले म्हणजे सांगाडा पितळी असे होत नाही. मूळ कोल्टमध्येही चापाभोवतीची कडी आणि मुठीची पाठपट्टी बहुतेक वेळा पितळेचीच असे आणि तिच्यावर चांदीचा मुलामा असे. सांगाडा म्हणजे सिलिंडरच्या खाली आणि मागे असलेला, ज्यात घोडा (बार उडवणारा हातोडा) बसतो तो भाग. कधी कधी त्यावर निकेल चढवलेले असते आणि मग नुसत्या डोळ्यांनी काही कळत नाही. यासाठी मी खिशात एक लहान लोहचुंबक ठेवतो. पोलादाला तो घट्ट चिकटतो, पितळेला चिकटत नाही; पितळेवर निकेल असेल तर फार तर हलकी ओढ जाणवते.

खुद्द कोल्टने पितळी सांगाड्याची नेव्ही कधीच बनवली नाही. पितळेचा वापर झाला तो अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात, लोखंडाचा तुटवडा असलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांत. जॉर्जियातल्या ग्रिसवोल्ड अँड गनिसन या कारखान्याने अशी सुमारे साडेतीन हजार रिव्हॉल्व्हरे बनवली आणि नोव्हेंबर १८६४ मध्ये उत्तरेच्या फौजेने तो कारखाना जाळला. त्या रिव्हॉल्व्हरची नळी पुढच्या बाजूला गोल असे. म्हणून अष्टकोनी नळीची पितळी प्रतिकृती कोणी ‘ग्रिसवोल्ड’ म्हणून चढ्या भावाने विकत असेल, तर तो जादा पैसा देण्याचे काही कारण नाही. कॅलिबरचेही तसेच आहे. मूळ नेव्ही ३६ कॅलिबरची, म्हणजे सुमारे ०.३६ इंच व्यासाच्या नळीची होती. ४४ कॅलिबरची ‘१८५१ नेव्ही’ ही प्रतिकृती बनवणाऱ्यांची निर्मिती आहे, आणि पितळी सांगाड्याशी तिची जोडी सर्वांत वाईट, याचे कारण रचनेत आहे.

या रिव्हॉल्व्हरला सिलिंडरच्या वरून जाणारी पट्टी नसते. सांगाड्यात आट्यांनी घट्ट बसवलेला एक जाड दांडा असतो, सिलिंडर त्याच्यावर फिरतो, आणि नळी त्याच दांड्यावर एका आडव्या पाचरीने अडकवलेली असते. बार उडाला की गोळी नळीला पुढे ओढते, सिलिंडर मागे सांगाड्यावर आदळतो, आणि हा सगळा ताण त्या दांड्याच्या आट्यांवर येतो. पोलादातले आटे तो वर्षानुवर्षे सोसतात; पितळ मऊ असल्यामुळे हळूहळू ताणले जाते आणि एकदा ताणले की मूळ जागी येत नाही. ३६ कॅलिबरची शिशाची गोळी सुमारे ८० ग्रेन (एक ग्रेन म्हणजे सुमारे ६५ मिलिग्रॅम) वजनाची असते आणि ४४ ची सुमारे १४०, म्हणजे त्याच पितळावर येणारा धक्का किती वाढतो हे सांगायला नको. पितळी रिव्हॉल्व्हरमध्ये १५ ग्रेनच्या आसपास बंदुकीची दारू भरणाऱ्याचे शस्त्र दीर्घकाळ टिकते. चेंबर (सिलिंडरमधली दारू-गोळी भरण्याची भोके) काठोकाठ भरणाऱ्याचे टिकत नाही.

म्हणून पितळी रिव्हॉल्व्हर उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नये. आधी सहाही चेंबर रिकामे आहेत आणि निपलवर (चेंबरच्या मागच्या पोकळ बोंडीवर) ठिणगी पाडणाऱ्या टोप्या नाहीत याची खात्री करावी, मग विक्रेत्याची परवानगी घेऊन पाचर काढावी, नळी आणि सिलिंडर उतरवावेत आणि सिलिंडरच्या मागे असलेल्या पितळी भिंतीवर विजेरीचा प्रकाश तिरका टाकावा. एकदा मेळ्यात माझ्या हातात एक रिव्हॉल्व्हर आले होते. बाहेरून इतके चकचकीत की त्यात चेहरा दिसावा. उघडल्यावर त्या भिंतीवर सिलिंडरच्या मागच्या दात्यांचा ठसा उमटलेला होता, मेणावर शिक्का मारावा तसा, आणि त्याच्या कडेला सरकलेल्या पितळाची बारीक कड बोटाला लागत होती. दांडा दोन बोटांत धरून हलवला तर तो हलला. असे शस्त्र घरात शोभेसाठी टांगण्याच्या किमतीलाच घ्यावे. पितळी भिंतीवर फिकट वर्तुळ असेल, पण नख अडकत नसेल आणि दांडा जराही हलत नसेल, तर ते रिव्हॉल्व्हर हलक्या हाताने वापरलेले आहे असे समजून मी ते आनंदाने घेतो.

पाचरीवरूनही बरेच कळते. ती मुळापर्यंत आत जाऊनही नळी डुलत असेल, तर सांगाडा ताणला असण्याचा संभव आहे. मात्र पाचर स्वतःही झिजते आणि नवी पाचर थोडक्या पैशांत मिळते, त्यामुळे एवढ्या एका खुणेवर निकाल देऊ नये.

पोलादी रिव्हॉल्व्हरमध्ये ही भिंत सहसा शाबूत असते. तिथे शत्रू गंज आहे. काळ्या दारूची राख हवेतला ओलावा शोषून घेते, आणि साफसफाईत एका रात्रीचा आळसही चेंबरच्या तळाशी आणि निपलच्या आट्यांत दिसतो. नळीतले बारीक ठिपके मी खपवून घेतो. चेंबरमधले खोल खड्डे आणि गंजून जाम झालेले निपल खपवून घेत नाही. त्यानंतर घोडा सावकाश मागे ओढावा. घोडा पूर्ण मागे जाईपर्यंत सिलिंडर अडवणारी खिट्टी त्याच्या खाचेत बसलेली असली पाहिजे, आणि खाचांच्या कडा ठेचलेल्या नसाव्यात. आतल्या पात्याच्या स्प्रिंगा मोडतात, पण त्या स्वस्त असतात. त्यांच्यासाठी किंमत पाडून मागता येते, सौदा मोडू नये.

काही पोलादी प्रतिकृतींत दांडा मुळातच थोडा आखूड असतो आणि नळीतल्या भोकाच्या तळाला टेकत नाही. मग पाचर जोरात ठोकली की नळी मागे सरकून सिलिंडर अडतो, आणि पाहणाऱ्याला वाटते की शस्त्र झिजले आहे. ही झीज नसून घडणीतली उणीव आहे, आणि भोकाच्या तळाशी योग्य जाडीची चकती बसवून ती दूर होते.

वयासाठी सांगाड्यावरचा छाप पाहावा. उबेर्ती आणि पिएत्ता हे दोन्ही कारखाने ब्रेशा प्रांतातले, आणि इटलीच्या चाचणी केंद्राचा वर्षदर्शक छाप त्यांच्या शस्त्रांवर असतो: १९७४ पर्यंत मुख्यतः रोमन आकडे, १९७५ साठी ‘एए’ आणि पुढे अशाच अक्षरजोड्या. सोबतचा ‘पीएन’ म्हणजे काळ्या दारूसाठी चाचणी झाल्याची खूण. ती दोन्ही जातींवर असते, तेव्हा तिच्यावरून सांगाड्याचा टिकाऊपणा ठरवू नये.

पितळी रिव्हॉल्व्हर नवे असतानाच पोलादीपेक्षा स्वस्त असते. त्यामुळे ठसा नसलेल्या वापरलेल्या पितळीला मी नव्याच्या निम्म्याहून अधिक देत नाही, तर स्वच्छ चेंबरच्या पोलादीला दोन तृतीयांशापर्यंत जातो, मग तिच्या पोलादावर चढवलेली निळी झाक कितीही उडालेली असो. ही गणिते अमेरिकेतली आहेत. तिथल्या संघीय कायद्याने या टोपीच्या प्रतिकृती सामान्य बंदुकांत मोडत नाहीत, तरी राज्यांचे नियम वेगळे असू शकतात. भारतात मात्र बार उडवू शकणाऱ्या अशा प्रतिकृतीला १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो.